जुन्या मोटारीचे दात

‘विकणे आहे’ ह्या दोन शब्दांखाली जेवढे गद्य रोज लिहिले जाते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही मथळ्याखाली लिहिले जात नसेल. तथापि वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ह्या शाखेची दखल घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक कल्पनाशक्तीला येथे जेवढा वाव आहे तेवढा कादंबरीतही क्वचितच मिळत असेल. शेत विकणारा मनुष्य ऐन वैशाखात विहिरीला पुरुषभर पाणी असल्याचे लिहितो. घर विकणारा गळक्या माडीला ‘हवेशीर’ म्हणतो. आणि म्हैस विकणारा तिच्या दुधाचा आकडा सांगताना पारडाने ओढलेले दूधही त्यात मिळवतो. आम्ही तीस वर्षे शाळेत भाषा शिकविली असल्यामुळे घरातला कोणताही कागद बाहेर जावयाचा झाला म्हणजे तो आधी आमच्या चष्म्याखालून जातो. २०२४ च्या पावसाळ्यात असाच एक कागद अमेरिकेहून आला. आमच्या पुतण्याने स्वहस्ते लिहिलेल्या जाहिरातीच्या मसुद्याचे ते छायाचित्र होते. विकावयाची वस्तू होती एक जुनी अमेरिकन मोटार. आणि त्या मसुद्यात शेवटची एक ओळ लिहून खोडलेली, पुन्हा लिहिलेली व पुन्हा खोडलेली होती. त्या एका ओळीसाठी हा लेखप्रपंच.

मोटार क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ ह्या शाखेची, ‘रोडरनर’ नावाची, सन १९६८ ची. पुतण्याही १९६८ चाच. तो मुखेडात जन्मला आणि ती डेट्रॉईट शहरातल्या लिंच रोडवरील कारखान्यात. अशा मोटारींस अमेरिकन लोक ‘मसल कार’ म्हणतात. मराठीत तिला पिळदार मोटार म्हणावे असे आम्ही सुचवितो, कारण दंड थोपटून आखाड्यात उतरलेल्या गड्याचा जो आव असतो तोच हिचा. कृती म्हटली तर सोपी आहे. संसारी माणसाची मध्यम बांध्याची गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचे अगडबंब इंजिन बसवावयाचे. १९६४ साली पाँटिॲकने आपल्या ‘टेंपेस्ट’ गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन घालून ‘जीटीओ’ काढली, तेथून ह्या वंशाचा आरंभ मानतात. मौज अशी की, पाँटिॲकच्या मायघरी, म्हणजे जनरल मोटर्समध्ये, मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असा दंडक होता. तेव्हा नवी गाडी म्हणून न काढता जुन्याच गाडीवर ‘हवे असल्यास घ्या’ अशा जोडसामानाच्या नावाखाली हा प्रकार विक्रीस ठेवण्यात आला. थोरल्यांच्या नियमातून धाकट्यांनी काढलेली पळवाट सगळ्या जगात अशीच असते!

पुढे चार वर्षांत ह्या गाड्यांना मखमल आणि नक्षी चढली, किंमत वाढली, आणि ज्या तरुणांसाठी त्या निघाल्या त्यांच्याच खिशाबाहेर त्या गेल्या. रोडरनर निघाली ती ह्याच कारणाने. खाली गालिचा नाही, रबराची चटई. पुढे वेगळ्या खुर्च्या नाहीत, एकसंध बाक. मागच्या खिडक्या खाली सरकत नाहीत, नुसत्या बिजागरीवर उघडतात. परंतु इंजिन ३८३ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सव्वासहा लिटरचे, आणि सांगितलेली शक्ती ३३५ अश्वांची. किंमत २,८९६ डॉलर. ह्या अश्वांविषयी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, धुराची नळी वगैरे लोढणी सोडवून त्याची शक्ती मोजीत. १९७२ पासून ती लोढणी गळ्यात तशीच ठेवून मोजू लागले, आणि कित्येक गाड्यांचे घोडे एका वर्षात नाहीसे झाले. तात्पर्य, तो आकडाही ‘विकणे आहे’ वाङ्मयापैकीच होय.

रोडरनर हे नाव एका पक्ष्याचे. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रपटांत तो धावतो, आणि त्याचे नाव व रूप वापरण्यासाठी प्लिमथने ५०,००० डॉलर मोजले. इतकेच नव्हे, तर त्याच्या ‘बीप-बीप’ ओरडण्यासारखा कर्णाही गाडीस बसविला. खरा पक्षी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात जमिनीवर पळतो आणि कोकिळेच्या कुळातला आहे. म्हणजे आपल्या बांधावर कुंपणाखालून मान काढून चालणाऱ्या भारद्वाजाचा तो दूरचा भाऊबंद. भारद्वाज दिसला की आमच्याकडे दिवस चांगला जातो असे समजतात. पुतण्याने ही गाडी घेतल्याचे प्रथम कळविले तेव्हा आम्ही त्यास हेच लिहिले होते, आणि ते त्याच्या पत्नीस वाचून दाखवावे असेही सुचविले होते; कारण त्या वेळी गाडीचा संसाराला उपयोग काय, हा प्रश्न त्या घरात रोज विचारला जात होता.

पिळदार मोटारींचे राज्य फार दिवस टिकले नाही. विमा कंपन्यांनी तरुण चालकांवर जबर हप्ते लादले, १९७० च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. लिटरमागे जेमतेम चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी मग दारात उभी राहिली. हजारो गाड्या भंगारात गेल्या. प्लिमथ हे नावदेखील २००१ साली बंद झाले.

मराठी माणसास मात्र हे नाव अगदीच परके नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पुढे मुंबईत ह्या गाड्या टॅक्सी म्हणून इतक्या फिरल्या की त्यांस ‘बडी टॅक्सी’ असे नावच पडले. फियाट आली ती ‘छोटी’. आम्ही १९७० साली मनमाडला गाडी बदलून पहिल्यांदा मुंबईस गेलो तेव्हा वळकट्या, ट्रंक आणि लोणच्याची बरणी यांसह आम्ही सात जण अशा एका बड्या टॅक्सीत मावलो होतो, आणि बरणी कोणाच्या मांडीवर ठेवावी एवढाच काय तो वाद झाला होता. कुर्ल्याची प्लिमथ अशी ओढकामाची. तिची अमेरिकेतली ही धाकटी बहीण शर्यतीची. विलायती मोटारींची आयात त्या काळी हिंदुस्थानात जवळजवळ बंदच असल्यामुळे ही शर्यतीची जात आपल्या रस्त्यांवर फारशी आलीच नाही. आम्ही ती पाहिली ती पुतण्याच्या छायाचित्रांत.

पुतण्या नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला आणि पुढे डेट्रॉईटकडे नोकरीस गेला. २०१० साली शहराबाहेरच्या एका शेतावरील गोदामात त्यास ही गाडी सापडली. बाकात उंदरांची घरटी होती, आणि तळाच्या पत्र्यातून हात आरपार जाई. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चाकांबरोबर उडून तळास बसते आणि पत्रा खाते. डेट्रॉईट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे. ज्या गावाने मोटारी केल्या त्याच गावाच्या जमिनीखाली मोटारी खाणारी वस्तू निघावी, हा योगायोग आम्हांस पुराणात शोभण्यासारखा वाटतो.

पुढची अकरा वर्षे, नोकरी सांभाळून, तो ह्या गाडीमागे होता. प्रत्येक सुटा भाग काढून त्यास चिठ्ठी बांधली. उरलेला सांगाडा एका आडव्या आसावर चढविला, म्हणजे भाकरी उलटावी तसा तो उलटता येई. वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग व गंज उतरविला. कुजलेला तळ कापून नवा पत्रा सांधला. मागच्या चाकांवरचे खालचे पत्रे असेच बदलले. दारांच्या कडांचे रबर, तारांचे जुडगे, ब्रेकच्या नळ्या हे सर्व नवे. अशा गाड्यांचे भाग जुन्या मापाबरहुकूम आजही तयार करणारे कारखाने तिकडे आहेत, हे ऐकून आम्हांस आश्चर्य वाटले. आमच्या मुखेडात दहा वर्षांपूर्वीच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा मिळत नाही. इंजिन उघडून त्याची नळकांडी घासून घेतली, दट्टे बदलले. रंग मात्र कारखान्यातल्या धातूच्या पट्टीवर जो संकेत होता तोच दिला. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तो दिवस आमच्या घरी सर्वांस ठाऊक आहे. कारण पुतण्याने पहाटे तीन वाजता, म्हणजे त्याच्या दुपारी, दूरध्वनी करून तो आवाज आमच्या वडील बंधूंना, अण्णांना, ऐकविला. अण्णा ऐकून एवढेच म्हणाले, “पान्याच्या विंजनावानी वाजतंय.” डिझेल पंपाच्या इंजिनाशी केलेली ही तुलना पुतण्याने फार दिवस मनास लावून घेतली होती.

जुन्या वस्तूच्या अशा पुनरुज्जीवनास आपल्याकडे जीर्णोद्धार हा भारदस्त शब्द आहे, परंतु ह्या शब्दाच्या आड काय काय घडते ते आमच्या भागातल्या मनुष्यास सांगावयास नको. मुखेडात दशरथेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे, आणि नांदेड-लातूर भागात तशी देवळे ठिकठिकाणी आहेत. त्यांपैकी कित्येकांवर भाविकांनी मोठ्या प्रेमाने तैलरंग चढविला आहे. आठशे वर्षांची अप्सरा निळी होते, द्वारपाल गुलाबी होतात, आणि टाकीचा प्रत्येक घाव रंगाच्या थराखाली बुजून जातो. भक्ती खरी, खर्च खरा. परंतु त्यानंतर त्या मूर्तीत जुने किती व नवे किती हे कोणासही सांगता येत नाही. १९६४ साली, म्हणजे जीटीओ निघाली त्याच वर्षी, इटलीतल्या व्हेनिस नगरात जगातल्या शिल्पसंरक्षकांनी एक सनद तयार केली. तीत एक कलम असे आहे की, नाहीसा झालेला भाग नव्याने घालणे झाल्यास तो एकंदर वास्तूशी विसंगत दिसू नये, तथापि मुळापासून वेगळा ओळखता यावा. आमच्या आजीने ती सनद वाचली नव्हती; पण तिच्या गोधडीवरचे प्रत्येक ठिगळ कोणाच्या लुगड्याचे हे विचारले तर ती सांगू शके.

मोटारींच्या बाजारातही हा विचार हळूहळू शिरलेला दिसतो. ‘बुलिट’ ह्या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालविलेली हिरवी फोर्ड मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने जाहिरात वाचून ६,००० डॉलरांस घेतली. त्याची पत्नी तीच गाडी घेऊन शाळेत शिकवावयास जात असे. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. कुटुंबाने ती दिली नाही. पुढे ती वर्षानुवर्षे उभीच होती. २०२० च्या जानेवारीत लिलावात तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली, आणि ती बोली आली तेव्हा तिचा रंग उडालेला, पत्रा पोचे आलेला, बैठक फाटलेली होती. तिला कोणी नवी केली नव्हती, म्हणूनच ती एवढी मोलाची ठरली. अर्थात प्रत्येक गाडीचे नशीब असे नसते. पुतण्याची गाडी तशीच ठेवली असती तर आज तांबूस मातीच उरली असती. जीर्णोद्धार करू नये असे आमचे म्हणणे नाही; तो कसा सांगावा एवढाच प्रश्न आहे, आणि खोडलेली ओळ त्याच प्रश्नाची होती.

ह्या गाड्यांची परीक्षा करणाऱ्यांचे एक शास्त्रच बनले आहे. काचेखालच्या पट्टीवर गाडीचा क्रमांक असतो. रोडरनरच्या क्रमांकातले ‘एच’ हे अक्षर ३८३ चे इंजिन सांगते, आठाचा आकडा १९६८ साल सांगतो, आणि त्यापुढचे ‘ए’ लिंच रोडचा कारखाना. ह्याच क्रमांकाचे शेवटचे आकडे इंजिनावर आणि गतिपेटीवर ठोकलेले सापडले, तर गाडी आणि तिचे इंजिन एकाच दिवसापासून एकत्र आहेत असे ठरते, आणि किंमत पुष्कळ चढते. न जुळल्यास उतरते. जेथे असा फरक पडतो तेथे लबाडीही आलीच. जुने आकडे घासून त्या जागी नवे ठोकणारे कारागीर तिकडे आहेत.

पुतण्याच्या गाडीचे आकडे जुळत नव्हते. पूर्वीच्या कोणा मालकाच्या हातून मूळ इंजिन फुटले असावे, आणि त्याने दुसऱ्या गाडीतले त्याच वर्षाचे, त्याच मापाचे इंजिन आणून बसविले असावे. चालण्यात तिळमात्र फरक नव्हता. ते आकडे जेथे असतात ती जागा अशी अडचणीची की, गाडीखाली उताणे पडून दिवा धरल्याशिवाय दिसत नाही. घेणारा स्वतः पाहील तर पाहील. विचारील तर सांगू. आपण होऊन जाहिरातीत लिहावयाचे कारण काय, असे त्याचे स्नेही म्हणत होते. खोटे कोठेही बोलावयाचे नव्हते. केवळ एक ओळ लिहावयाची नव्हती.

आणि पैशाची गरज खरी होती. अण्णा त्या वेळी शहाऐंशी वर्षांचे. वहिनी गेल्यापासून मोठ्या घरात एकटे. आम्ही शेजारच्या गल्लीत असलो तरी आमचेही पाय आता जिन्याशी भांडतात. डेट्रॉईटला नेण्याची गोष्ट काढली की अण्णा “तिथं म्हईस बांधाया जागा हाय का?” असे विचारून विषय संपवीत. तेव्हा पुतण्याने मुदतीपूर्वी नोकरी सोडून मुखेडास येण्याचे ठरविले होते. गाडी बरोबर आणावी असा विचारही त्याने काही दिवस केला. २०२१ पासून आपल्या सरकारने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी वेगळी नोंदणी ठेवली आहे आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे घातली जातात, हे त्यास ठाऊक होते. परंतु ती नोंदणी प्रदर्शनासाठी आणि मेळ्यांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. शिवाय परदेशी मोटारीवरची जकात गाडीच्या किमतीहून मोठी, सुकाणू डाव्या अंगाला, आणि आमच्या गल्लीत बैलगाडी समोरून आली तर दोघांपैकी एकाने मागे जावे लागते. गाडी तिकडेच विकावयाची हे ठरले. त्या रकमेतून जुन्या घराचे माळवद काढून छत घालावयाचे होते आणि अण्णांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करावयाची होती.

येथे वाचकांस आम्ही थोडे माळेगावास नेतो. लोहा तालुक्यातले हे खंडोबाचे ठिकाण. मार्गशीर्षात तेथे जी यात्रा भरते तीत घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार असतो. आम्ही लहानपणी अण्णांचे बोट धरून तेथे जात असू, आणि आमच्या समजुतीप्रमाणे विक्रीच्या कलेची एवढी मोठी शाळा दुसरी नाही. विकणारा चार दिवस आधीपासून जनावरास पेंड चारतो, अंगाला तेल चोळतो, शिंगे साळतो, त्यांवर हिंगूळ चढवतो. घेणारा ते सगळे न पाहिल्यासारखे करून सरळ तोंडाशी जातो, ओठ वर करतो आणि दात मोजतो: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दातांस हिंगूळ लावता येत नाही. मग चालवून पाहावयाचे, बसवून उठवून पाहावयाचे, पाठीवरून हात फिरवून कातडी थरथरते का ते पाहावयाचे. सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी होतो, म्हणजे शेजाऱ्यास भाव कळू नये. परंतु एवढे सगळे पाहूनही काही खोडी दिसत नाहीत. बैल मारका असेल तर कळते. पण एकाच अंगाला चालणारा, पाण्याला बुजणारा, चिखलात बसणारा, हे तो प्रसंग आल्याशिवाय कळत नाही. त्या खोडी फक्त विकणाऱ्यास ठाऊक असतात. हेड्यांच्या बाजारात त्या न सांगणे ही लबाडी समजत नाहीत. ती हुशारी समजतात.

आम्ही पुतण्याचा मसुदा अण्णांस वाचून दाखविला, आणि इंजिनाचे आकडे म्हणजे काय तेही समजावून सांगितले. संध्याकाळी पुतण्याचा दूरध्वनी आला तेव्हा यंत्र ओट्यावर मध्ये ठेवले होते. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्यो मानूस गाडी नेऊन करनार काय? जुंपनार का मिरवनार?”

“मिरवणारच, अण्णा. रविवारी बाहेर काढायची, मेळ्यात उभी करायची, परत झाकून ठेवायची.”

“मंग तर आदी सांगाया पायजे,” अण्णा म्हणाले. “जुंपनाऱ्याला दुसऱ्या दिशी आऊतावर कळतंच. मिरवनाऱ्याला जलमात कळत न्हाई.”

पुतण्याने हळूच विचारले, “अण्णा, भाव पडेल.”

“पडंल की,” अण्णा म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.

आम्ही नीतिशास्त्रावरची पुस्तके थोडीबहुत वाचली आहेत; त्यांत विकणाऱ्याचे कर्तव्य घेणाऱ्याच्या अज्ञानाच्या मापाने मोजलेले आमच्या वाचण्यात आलेले नाही. आमचा स्वतःचा कल तोपर्यंत दुसऱ्या बाजूस होता. इंजिन चालते, माप तेच, साल तेच, मग शोभेसाठी घेणाऱ्यास त्याचे काय, असे आम्हांस वाटत होते. अण्णांनी तीच गोष्ट उलटी धरली.

अण्णांनी त्या वेळी सांगितली नाही, पण आमच्या डोळ्यांपुढे असलेली एक गोष्ट आम्ही येथे लिहितो. १९७२ साली पाऊस गेला. महाराष्ट्रभर तो दुष्काळ प्रसिद्ध आहे. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत. खावयास सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. माणसांसाठी एवढे तरी आले. जनावरांसाठी काही आले नाही. आमच्या दावणीला लाल कंधारी बैलांची एक जोडी होती, ज्या जातीस कंधारचे नाव आहे आणि जी आमच्या भागात लेकराप्रमाणे वाढवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात कडब्याची शेवटची पेंढी संपली तेव्हा अण्णांनी ती जोडी आठवडी बाजारात नेली. आम्ही सतरा वर्षांचे होतो व बरोबर होतो. बाजारात विकणारे शेकडो आणि घेणारे मोजके. तेलंगणाकडच्या एका शेतकऱ्याने दात पाहिले, चालवून पाहिले, रुमालाखाली हात घातला. सौदा बसत आला होता. त्याच क्षणी अण्णा म्हणाले, “उजवा चिखलात बसतो.” वर्षभर पाऊस नव्हता, शंभर कोसांत चिखल म्हणून कोठे नव्हता. ती खोड पुढचा पाऊस पडेपर्यंत कोणाला दिसणार नव्हती, आणि पाऊस पडेल तेव्हा अण्णांचा पत्ता त्या शेतकऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. रुमालाखाली काय झाले ते आम्हांस दिसले नाही, पण अण्णांचा चेहरा दिसत होता. तिकडचे एक बोट मिटले असावे. जोडी तेवढ्यात गेली. परतताना अण्णांनी दोन्ही रिकामे कासरे गुंडाळून खांद्यावर टाकले होते, आणि सबंध वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पुतण्याने ती ओळ पुन्हा लिहिली. आम्ही भाषेचे मास्तर म्हणून तीत एकच फेरफार केला: ती शेवटून उचलून दुसऱ्या जागी, म्हणजे गाडीच्या नावाखाली लगेच, ठेवली. ‘ह्या गाडीतील इंजिन त्याच वर्षाचे व त्याच मापाचे आहे, परंतु ते ह्या गाडीबरोबरचे नाही.’ त्याखाली बदललेल्या प्रत्येक पत्र्याची नोंद आली, आणि सांधकामाची छायाचित्रेही त्याने जोडली. ‘जातिवंत’, ‘अप्रतिम’, ‘अशी संधी पुन्हा नाही’ ही विशेषणे आम्ही काढून टाकली. उरलेला मजकूर इतका कोरडा झाला की पुतण्याची पत्नी म्हणाली, “काका, ही जाहिरात आहे की पंचनामा?”

दोन महिने कोणी फारसे विचारले नाही. ज्यांनी विचारले त्यांनी पहिल्याच वाक्यात इंजिनाचे निमित्त करून अर्ध्या भावात मागितली. ऑक्टोबरात ओहायोहून एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढला. पत्र्याऐवजी नुसता लेप भरला असेल तेथे चुंबक चिकटत नाही. दाराखालच्या पट्टीवर, चाकांवरच्या कमानींवर, मागच्या झाकणाच्या कडांवर तो फिरवून ते प्रत्येक जागा पुतण्याच्या यादीशी ताडून पाहत होते. मग सतरंजी मागून घेतली, गाडीखाली उताणे पडले, आणि दिवा धरून इंजिनावरचे आकडे वाचले. बाहेर आल्यावर ते म्हणाले की, आकडे जुळत नाहीत हे तुम्ही लिहिले होते म्हणूनच इतका लांबचा प्रवास करून मी आलो. ज्याने ते लिहिले त्याने तळाचा पत्राही नीट सांधला असेल असे वाटले. तरीही भाव त्यांनी कमी केलाच. पुतण्याने मनात धरलेल्या रकमेहून तो पुष्कळ उणा होता, आणि मुखेडच्या घराचे निम्मे माळवद अजून तसेच आहे.

व्यवहार पुरा झाल्याचे पुतण्याने त्याच रात्री कळविले. अण्णांनी भाव विचारला नाही. गाडी कशी नेली, चालवीत की लादून, एवढेच विचारले.

“लादून नेली, अण्णा. मोठ्या गाडीवर चढवून, पट्ट्यांनी बांधून.”

“बरं झालं,” अण्णा म्हणाले. “चालवत न्यायची म्हंजी लई लांब व्हतं.”